‘करू का?’ विचारणारे नाना

काकू, घोडेगावहून आलेली नानांची मंडळी आणि आपल्या संस्थेतले सगळे सहकारी, मी शालिनी. नानांच्या शेजारच्या टेबलावरची क्लार्क. माईकसमोर बोलायची मला सवय नाही, त्यातून आज बोलायचं ते नानांबद्दल. मध्येच अडखळले तर सांभाळून घ्या.

संस्थेच्या बारा शाळा. सगळ्यांचे दाखले, निकाल इथे पारनेरच्या एकाच सर्व्हरवर. कुणी कुठला फोल्डर उघडायचा, कुणी नुसता वाचायचा, हे सगळं नाना बघायचे. बदल्या झाल्या की एकेका नावावर क्लिक करत आठवडा जायचा त्यांचा.

मी तेव्हा नवीन. घाईत माउस ओढला गेला आणि दाखल्यांचा अख्खा फोल्डर गायब! बाहेर पालकांची रांग. मी रडकुंडीला आले. नाना म्हणाले, "आगं, गेला न्हाई. शेजारच्या फोल्डरात जाऊन बसलाय. आन् चूक तुझी न्हाई, माझी हाय. तुला तो हलवायची परवानगी दिलीच कशाला मी?"

असं म्हणणारा वरिष्ठ पाहिलाय कुणी?

त्यानंतर नाना स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या हुकमांची यादी, लिहायला शिकले. त्या वयात! काळ्या पडद्यावर एक हुकूम टाइप केला की बारा शाळांच्या परवानग्या मिनिटात बदलायच्या. पण नानांची स्क्रिप्ट आधी काहीच करायची नाही. आपण काय करणार ते पडद्यावर दाखवायची आणि विचारायची, "करू का? व्हय / न्हाई." आम्ही हसायचो. नाना म्हणायचे, "मशिनीला लई घाई असती. आपन करू नये."

नाना गेले आणि ऑफिसात एकच धास्ती. आता हे कोण चालवणार? खरं सांगते, सगळ्यात जास्त मी घाबरले होते.

नोकरीतून गेलेल्या माणसाचं खातं बंद करायचं, हा नानांचाच नियम. या वेळी नाव त्यांचं होतं. आठ दिवस मी टाळलं. सोमवारी बसले, नानांचीच स्क्रिप्ट सुरू केली, त्यात त्यांचं नाव लिहिलं. पडद्यावर आलं, "करू का?"

काकू, मी लगेच ‘व्हय’ लिहिलं नाही हो. मग वर काय लिहिलंय ते वाचलं. दोनच ओळी होत्या. खातं बंद करणार. त्यांचा फोल्डर ऑफिसातल्या सगळ्यांना वाचायला खुला करणार.

मी ‘व्हय’ लिहिलं.

फोल्डर उघडला. सगळ्या स्क्रिप्ट आत. प्रत्येक हुकमाच्या वर, तो काय करतो ते नानांच्या बोलीत लिहिलेलं. आणि सगळ्यात वर एक चिठ्ठी: "शालू, आदी वाच. मग कर. न्हाई जमलं तर परत वाच."

काल मी एकटीने बदल्यांची यादी चालवली. बाराही शाळा. एकाही शाळेतून तक्रारीचा फोन आला नाही.

नाना, जमलं हो.

आता आपण सगळे नानांसाठी दोन मिनिटं शांत उभे राहू या. अजिबात घाई न करता.