त्र्याहत्तर किलो

लाइफ जॅकेटच्या काउंटरवर माझ्यापुढे एक काका-काकू होते. मागे आम्ही नऊ जण.

"काकू, वजन?" काउंटरवरच्या मुलाने विचारलं.

"अठ्ठावन्न."

"खरं सांगा हं. जॅकेट वजनावर मिळतं. खोटं सांगितलंत तर उद्या होडी वर आणि तुम्ही खाली."

"अहो, तुम्ही जरा ते बूट बघून या ना," काकू काकांना म्हणाल्या.

"मी इथेच बरा आहे."

"मग ऐका. त्र्याहत्तर!"

"अगं, हळू! सगळी रांग ऐकतेय."

"ऐकू दे. गेल्या वर्षी काठावर बसून सगळ्यांच्या चपला सांभाळल्या. उद्या वल्हं माझ्या हातात."

"पण तीस वर्षं मला अठ्ठावन्नच सांगत आलीस!"

"तुम्ही कुठे मला तरंगवणार होतात?"