पिल्लं उडेपर्यंत

१९७४ साल. दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी एक सासरा आणि सून बसली होती. अंगणातलं वाळकं झाड कोसळून सासऱ्याचा मुलगा, म्हणजे तिचा नवरा, त्याखाली सापडला होता. आत त्याचं ऑपरेशन चाललं होतं.

"मामंजी, सुतारपक्षी कुजक्या झाडातच घर करतो, हे तुम्हीच सांगायचात ना?"

"हो, सूनबाई."

"म्हणजे झाड कुजलंय हे ठाऊक होतं."

"पिल्लं उडाली की पाडायचंच होतं."

"हे कुऱ्हाड घेऊन निघाले होते. तुम्ही अडवलंत."

"बाप चोचीत अळ्या घेऊन दिवसभर खेपा घालत होता गं. थोडं थांब, एवढंच म्हटलं."

"वाचली का तुमची पिल्लं?"

"नाही."

मुलगा संध्याकाळी गेला. पुढे कळलं, सासऱ्याला सुनेनंच शेवटपर्यंत सांभाळलं, वेळच्या वेळी ताट वाढलं; पण पुन्हा कधी 'मामंजी' अशी हाक मारली नाही.