झाडाला आमंत्रण

परदेशातल्या नोव्हेना भागातल्या एका दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर मावशी-भाचा मराठीत बोलत होते.

“निमिष, तुमच्या लॅबमधल्या त्या पेयोटे निवडुंगाचा अर्क घेतल्यावर लोकांना काय दिसतं रे?”

“चिनी असो, तमिळ असो, सगळ्यांना एकच बाई दिसते. ‘मला न विचारता का तोडलंत?’ म्हणते.”

“औषधाचं झाड तोडायच्या आदल्या संध्याकाळी अक्षता वाहून त्याला आमंत्रण द्यायचं असतं. दिलं होतंस?”

“मावशी, कुंडीतला निवडुंग तो!”

“मग भोगा. तू नाही ना घेतलास अर्क?”

“नाही. तरी मला दिसते.”

“अगंबाई! कुठे?”

“हळू बोल. समोरच्या बाकावर बसलीय, आपल्याकडे पाठ करून.”

त्या बाकावर मी एकटीच होते.