वीरगळावर बसलेला पाहुणा

तुम्ही हसाल, पण कडावच्या पुढे एका गावात माझी पाचावर धारण बसली होती. मी आणि माझा मित्र सतीश जुनी देवळं बघत हिंडत होतो. ऊन तापलेलं. एका देवळामागे सतीश अचानक आडव्या पडलेल्या दगडावर बसला.

लगेच ओरडा झाला. "उठ रं तिथनं! आमचा वीर हाय तो!"

चार-पाच माणसं धावत आली. पुढे एक म्हातारी, हातात कोयता. दगडावर कोरलेला तलवारवाला वीर मला तेव्हा कुठे दिसला.

"सतीश, ऊठ!" मी म्हणालो. तो उठेना. एकाने त्याची कॉलर धरली, तशी त्याची मान कलली. ओठ पांढरेफटक, शर्ट घामाने चिंब.

"त्याला शुगर आहे हो! सकाळपासून उपाशी आहे!" मी ओरडलो.

म्हातारीने कोयता टाकला, कॉलरवरचा हात झटकला आणि सुनेला हाक मारली, "गूळ आन गं, पळ!"

गूळ-पाणी पोटात गेलं, तसा सतीश हळूहळू भानावर आला. भोवती माणसं बघून घाबरून उठायला लागला. "माफ करा आजी, चुकून बसलो."

तिने त्याचा खांदा दाबला. "बस गप रं. आमचा वीर बी लढाईत पडलेला मानूस हाय. पडनाऱ्याला तो हितनं नाय उठवायचा."