निरोप आपोआप जाईल

साहेब : पेशंट दगावला, सिस्टरनं कॉम्प्युटरच्या पडद्यावर ‘मृत’ दाबलं, की नातेवाइकांच्या मोबाइलवर निरोप आपोआप जाईल. बनवायचंय ते एवढंच. त्याच्या चाचणीला हे पन्नास प्रश्न कशाला?

परीक्षक : बनवून झाल्यावर विचारले की तुम्हीच म्हणता, आधी काय झोपा काढत होतात? म्हणून आज हॉस्पिटलातून सिस्टरना बोलावलं. सिस्टर, ‘मृत’ कधी दाबता?

सिस्टर : पेशंट गेला की.

परीक्षक : आणि एरवी?

सिस्टर : एरवीही दाबतो कधी कधी.

साहेब : म्हणजे काय?

सिस्टर : आयसीयूतनं कुणाला वॉर्डात हलवायचं तर पाच जणांच्या सह्या लागतात. तोवर पडद्यावर खाट अडलेली आणि दाराशी नवा पेशंट धापा टाकतोय. ‘मृत’ दाबलं की खाट लगेच मोकळी. मग वॉर्डात जुन्याचं नाव नव्यानं घालायचं.

साहेब : अहो, जिवंत माणसाला मारता?

सिस्टर : दहाच मिनिटं. त्यांना पत्ताही नसतो. स्ट्रेचरवर मजेत गप्पा मारत असतात.

परीक्षक : दिवसाला असे किती?

सिस्टर : तीन-चार.

परीक्षक : म्हणजे रोज तीन-चार घरांत जित्याजागत्या माणसासाठी रडारड. साहेब, आराखड्यात पहिली चाचणी हीच घालते.

साहेब : मुळीच नाही. नियमात असं काही होतच नाही. जे होत नाही ते तपासणार कसं? शिवाय हे कुणी सांगितलं तेही लिहावं लागेल. सिस्टर, निवृत्तीला किती राहिलं?

सिस्टर : अकरा महिने.

साहेब : बघा बुवा.

सिस्टर : लिहा ताई, माझं नाव घालून लिहा. गेल्या महिन्यात चौकशीच्या खिडकीतल्यानं पडद्यावर बघून एका आजींना सांगितलं, तुमचे हे गेले. हे वरच्या मजल्यावर चहात साखर कमी म्हणून भांडत होते. आजी जिन्यात बसल्या, त्या उठल्याच नाहीत. आजोबांना सांगायचं कुणी, यात आमचे दोन दिवस गेले.

परीक्षक : लिहिलं.

(साहेब लाल पेनानं ती ओळ खोडतात.)

साहेब : आता पुढचं बोला. उद्यापासून बनवायला घ्यायचंय.

परीक्षक : पुढचं म्हणजे, निरोप पोचतो का बघायला एक खोटा पेशंट आणि एक खरा नंबर लागेल. पेशंट म्हणून तुमचं नाव घालते. निरोप तुमच्या घरी पाठवू?

साहेब : घरी नको. फोन आई उचलते.