वर चढणारी रेघ

नाही, मीटर खराब नाहीच आहे, तुम्ही उगाच उन्हात आले अनुपम भैया — नाव गळ्यातल्या पट्ट्यावर वाचलं — तक्रार मी केलीच नाही, माझ्या मुलानं केली, अभिरामनं, तिकडे हैदराबादेत बसून. तुमच्या लोकांनी हे नवीन मीटर बसवलं न, त्याचं ॲप त्याच्या मोबाइलवर आहे — आमचे हे गेल्यावर सगळं त्याच्याच नावावर केलं — अन् तेव्हापासून तो माझ्या घरातली वीज पाहून राहिला. इथं जबलपूरच्या गोरखपूर मोहल्ल्यात मी कूलर लावला की तिथं त्याला दिसते. लगेच फोन. आई, दुपारी एवढे युनिट काहून? काहून म्हणजे? मे महिन्यात जबलपुरात माणसानं काय करावं, ओला टॉवेल घेऊन बसावं?

अन् नोकरी कशाची आहे माहीत आहे त्याची? देशाला दरवर्षी किती वीज लागते, पुढच्या वर्षी किती लागेल, त्याच्या रेघा काढते कंपनीत. रेघ वरच चढून राहिली म्हणते. मला ऐकवते — तुमच्यासारखे लोक विचार न करता बटणं दाबतात, म्हणून एवढा कोळसा जळते. मी? खोलीतून निघाली की आधी पंखा बंद करणारी बाई मी. त्याच्या ऑफिसात भर उन्हाळ्यात स्वेटर घालून बसतात, फोटोत पाहिलं — ते मोजा न आधी. ते नाही दिसत. एकटीपुरती डाळ शिजवणाऱ्या म्हातारीमुळं देशाची रेघ चढते काय?

हो, आहे गीझर चालू. पाहिला न लाल दिवा, मग विचारता काहून? नाही, आंघोळ कोणी करून नाही राहिलं. विसरलीही नाही, डोकं ठिकाणावर आहे माझं. मार्चभर मी इतकी जपून वीज वापरली की त्याच्या ॲपमधली माझ्या घरची रेघ पार खाली आणली — तर फोनच नाही. होळीलाही नुसता मेसेज. मग एका दुपारी खरंच गीझर राहून गेला, अन् पाणी तापायच्या आत फोन. रागावला, खूप रागावला — अन् मग विचारलं, जेवलीस का.

हे त्याला सांगायचं नाही. मीटर ठीक आहे, बस. रिपोर्ट तुमचा, घर माझं. चलो, निघा आता — अन् त्या बटणाला हात नका लावू. आज अजून त्याचा फोन आला नाही.