नऊ मिनिटांची सरासरी

नवी संगणक प्रणाली आल्यापासून दवाखान्यातली सरासरी प्रतीक्षा बेचाळीस मिनिटांवरून नऊवर आली होती, आणि बाकांवर बसायला जागा नव्हती.

गुडघेदुखीने आलेल्या निवृत्त गणितशिक्षकांना नोंदणीच्या खिडकीलगतचा कोपरा मिळाला. प्रणालीचे मूल्यमापन करणारी तरुणी खिडकीतल्या बाईंशी बोलत होती.

“मावशी, आज मी अहवालावर सही केली की गर्दी कमी झाली म्हणून पुढच्या महिन्यात शेजारची खिडकी बंद.”

“मग कर की! दवाखान्याच्या साहेबांचे पाय तर आत्ताच जमिनीला लागत नाहीत.”

“आकडा पटल्याशिवाय नाही.”

“सहाशे रुग्णांचा आहे म्हणे.”

“सहा हजारांचा असला तरी काय? हे सर कधी आले?”

“सव्वानऊला.”

“आता दहा वाजलेत. यांचं नाव संगणकात का नाही?”

“माझ्या कागदावर आहे ना.”

“कागदावर का?”

“अगं, तपासणीच्या खोलीचा क्रमांक दिल्याशिवाय हा ठोकळा नावच घेत नाही. खोली रिकामी झाली की घालते. तोवर माणूस काय खुंटीला टांगू?”

“आणि प्रतीक्षेचं घड्याळ नाव घातल्यावरच सुरू होतं! हे आधी का नाही सांगितलंत?”

“विचारलं कुणी?”

“मी विचारतेय. तो कागद द्या. आठवडाभर इथे बसून वेळा हाताने लिहीन.”

“साहेब भडकतील हो.”

“भडकू देत.”

“नऊ बाराला आलो,” शिक्षक म्हणाले. “सव्वानऊ नव्हे.”

तिने ते लिहून घेतले. मग अहवालात सहीच्या जागी लिहिले: ‘रुग्णाची नोंद खोली रिकामी झाल्यावर होते. त्याआधीची प्रतीक्षा मोजलेली नाही.’